स्टेरॉइडच्या गोळ्या: पहिल्या गोळीच्या आधीपासून शेवटच्या गोळीच्या नंतरपर्यंत

पेठेतल्या औषधाच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून माझी बरीच वर्षं गेली. स्टेरॉइडची चिठ्ठी आली की समोर दोन प्रकारची माणसं दिसतात. पहिली स्ट्रिप उलटीपालटी करून विचारतात, "यात स्टेरॉइड आहे का हो?" हो म्हटलं की गोळ्या घरी नेतात आणि डब्यात ठेवून देतात. दुसरी काहीच विचारत नाहीत. मागच्या दिवाळीतली चिठ्ठी पुढे करतात आणि म्हणतात, "हेच द्या, फार छान लागू पडलं होतं." मला धास्ती दुसऱ्यांची जास्त वाटते.

दोघांची चूक मुळात एकच. गोळी चांगली की वाईट यावर ते अडून बसतात. ती किती दिवस घ्यायची आणि थांबवायची कशी, हे कोणीच ठरवत नाही. या गोळ्यांचं बहुतेक नुकसान तारखांच्या घोळातून होतं, म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने लावले आहेत. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. तो नीट पार पाडणं तुमचं.

टप्पा १ : हातातली गोळी ओळखा

स्ट्रिपवरचं ठळक नाव कंपनीचं असतं. त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, ते वाचा. व्हायसोलोन आणि ओम्नाकॉर्टिल म्हणजे प्रेडनिसोलोन. मेड्रॉल म्हणजे मिथिलप्रेडनिसोलोन, बेटनेसॉल म्हणजे बीटामेथासोन, डेक्सोना म्हणजे डेक्सामेथासोन. डेफ्लाझाकॉर्ट बऱ्याच नावांनी मिळतं. ही सगळी एकाच घराण्यातली औषधं आहेत, पण ताकद सारखी नाही. प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅमचं काम मिथिलप्रेडनिसोलोन ४ मिलिग्रॅममध्ये होतं, डेफ्लाझाकॉर्टला ६ लागतात आणि डेक्सामेथासोनला अवघे ०.७५. त्यामुळे "अर्ध्या मिलिग्रॅमची तर गोळी आहे, त्याने काय होतंय" या हिशोबात काही अर्थ नाही.

जिममध्ये स्नायू फुगवायला घेतात ती स्टेरॉइडं वेगळी, त्यांचा इथे संबंध नाही.

मग चिठ्ठीवर कारण शोधा. सापडलं नाही तर विचारा. दम्याचा जोराचा झटका, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट श्वासाचा आजार) बळावणं, संधिवात, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), लहान मुलांमधला नेफ्रोटिक सिंड्रोम (लघवीतून प्रथिनं जाऊन अंग सुजणं), आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, पेम्फिगससारखे त्वचेवर फोड आणणारे आजार, चेहऱ्याचा अर्धा भाग अचानक लुळा पडणं, प्लेटलेट कमी होण्याचा आयटीपी नावाचा आजार, कुष्ठरोगातली रिअ‍ॅक्शन, मेंदूच्या आवरणाचा टीबी: या सगळ्यांत या गोळ्यांना खरी जागा आहे. काही ठिकाणी त्यांच्यामुळे दृष्टी वाचते, काही ठिकाणी जीव. अ‍ॅडिसन्स आजारात शरीर स्वतःचं कॉर्टिसोलच (या गोळ्या ज्याची नक्कल करतात ते संप्रेरक) बनवत नाही. तिथे रोजची हायड्रोकॉर्टिझोनची गोळी जन्मभर लागते आणि ती चुकवणं हाच धोका असतो.

साध्या सर्दीला, व्हायरल तापाला, रोजच्या कंबरदुखीला ही गोळी नको. डेंग्यूतही तिचा उपयोग दिसलेला नाही. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा "नसांची सूज ना, मग स्टेरॉइड का देत नाहीत?" असं लोक आम्हाला विचारायचे. कारण त्या आजारात स्टेरॉइडने फायदा होत नाही. तिथे इम्युनोग्लोब्युलिनची (तयार प्रतिपिंडांची) इंजेक्शनं किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणं हे उपाय आहेत. कोविडनेही हेच दाखवलं. डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, हा उपचार ऑक्सिजन लागणाऱ्यांना तारणारा ठरला. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याचा लाभ दिसला नाही. तरीही २०२१ मध्ये घरोघरी त्या गोळ्या घेतल्या गेल्या, साखरा वाढल्या आणि काळ्या बुरशीने माणसांचे डोळे आणि जबडे गेले.

*सावध :* बिनलेबलच्या पुडीत बांधून मिळणाऱ्या गोळ्या, "सांधेदुखीवर रामबाण" म्हणून विकली जाणारी पावडर, वजन वाढवायच्या गोळ्या यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत गुडघा पळायला लागला आणि महिन्याभरात चेहरा गोल झाला, तर ती पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. आपल्या मनाने ती एकदम थांबवू मात्र नका. का, ते टप्पा ६ मध्ये.

टप्पा २ : गिळण्याआधी या गोष्टी सांगा

ओपीडीतल्या गर्दीत डॉक्टरांना सगळं विचारायला वेळ मिळतोच असं नाही. कागदावर लिहून न्या:

- स्वतःला किंवा घरात कोणाला टीबी झाला होता का. दबलेला टीबी स्टेरॉइडमुळे उसळू शकतो. लांब कोर्स असेल तर छातीचा एक्स-रे आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी आधी सांगितली जाते, ती टाळू नका.
- साखर, रक्तदाब, काचबिंदू, पोटातला अल्सर, ठिसूळ हाडं, पूर्वीचा मानसिक आजार.
- शेतात अनवाणी काम केलेलं आहे का. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत मातीतून पायाच्या कातडीवाटे शिरतो, वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि स्टेरॉइड सुरू झाल्यावर शरीरभर पसरू शकतो. डॉक्टर शहरातले आणि पेशंट मुळशी-वेल्ह्याकडचा असेल तर हा प्रश्न सहज राहून जातो.
- कांजिण्या झाल्या होत्या की नाही. कोणती लस घ्यायची आहे का. रोज २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दोन आठवडे किंवा जास्त चालू असेल तर जिवंत विषाणूच्या लशी (गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या) देत नाहीत.
- गरोदरपण किंवा अंगावर पाजणं.
- चालू असलेली सगळी औषधं. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटचं फेनिटोइन स्टेरॉइडचा असर कमी करतात. क्लॅरिथ्रोमायसिन आणि इट्राकोनॅझोल तो वाढवतात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. आणि हो, ज्येष्ठमधाचा काढाही सांगा. "ते औषध थोडंच आहे" असं सगळे म्हणतात, पण त्याने पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो, म्हणजे स्टेरॉइड करतं तेच.

*अपवाद :* दम्याचा झटका आलेला असेल, किंवा उतारवयात कानशिलं दुखून अचानक अंधुक दिसायला लागलं असेल आणि डॉक्टरांनी "आत्ता घ्या" म्हटलं असेल, तर रिपोर्टची वाट बघत पहिला डोस लांबवू नका.

टप्पा ३ : भिंतीवरच्या कालनिर्णयवर कोर्स लिहा

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

डॉक्टर मिलिग्रॅममध्ये लिहितात आणि पेशंट गोळ्या मोजतो. चिठ्ठीत "४० × ५ दिवस, ३० × ५, २० × ५, १० × ५, बंद" असतं. दुकानात ४० ची स्ट्रिप संपलेली असते, म्हणून २० ची मिळते. पुढच्या खेपेला दुसऱ्या दुकानातून १० ची येते. घरी सगळ्या एकाच स्टीलच्या डब्यात जातात. आमच्याकडच्या एक आजी तिसऱ्या आठवड्यात "एक गोळी" म्हणून १० ऐवजी ४० ची घेत राहिल्या, कारण दोन्ही पांढऱ्या आणि दोन्ही गोल.

म्हणून असं करा:

१. दुकानातच बसून (गिऱ्हाइकं ताटकळली तरी चालतील) प्रत्येक तारखेच्या चौकोनात मिलिग्रॅम आणि गोळ्यांची संख्या दोन्ही लिहा: "२० मिग्रॅ = १० च्या दोन."

२. शक्यतो सगळा कोर्स एकाच ताकदीच्या गोळ्यांत मागा. नसेल जमत तर प्रत्येक ताकदीची वेगळी डबी करा आणि झाकणावर मार्करने आकडा घाला.

३. शेवटच्या तारखेवर ठळक गोल करा. चिठ्ठीवर शेवटची तारीख नसेल, तर "पुन्हा कधी दाखवायचं" ती तारीख हवी. दोन्ही नसतील तर दुकानातून तसेच दवाखान्यात परत जा आणि तारीख लिहून आणा.

४. गोळी घेतली की त्या चौकोनावर फुली मारा. आठवणीवर विसंबू नका.

दिवसाआड डोस असेल तर आणखी एक मेख आहे. "विषम तारखेला द्या" असं आईवडील ठरवतात. पण ३१ तारीख विषम आणि दुसऱ्या दिवशीची १ तारीखही विषम, म्हणजे लागोपाठ दोन दिवस डोस. नेफ्रोटिक सिंड्रोमच्या मुलांमध्ये पहिल्यांदा साधारण सहा आठवडे रोज आणि मग सहा आठवडे दिवसाआड असा कोर्स असतो. तिथे तारखेचा सम-विषम हिशोब न लावता कॅलेंडरवर एक चौकोन सोडून एक रंगवत जा.

मुलांच्या पातळ औषधातही असाच घोळ होतो. एका बाटलीत ५ मिलीला ५ मिलिग्रॅम असतं, दुसरीत ५ मिलीलाच १५. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला, तर डोस तिप्पट किंवा एकतृतीयांश होतो. नवी बाटली आणली की आधी लेबल, मग चमचा.

*इथे थांबून तपासा :* उद्या सकाळी किती मिलिग्रॅम, किती गोळ्या आणि शेवटची तारीख कोणती, ही तीन उत्तरं घरातल्या दुसऱ्या माणसालाही देता आली पाहिजेत.

टप्पा ४ : रोजचा डोस

दिवसातून एकदाच डोस असेल तर तो सकाळी, साधारण आठच्या सुमारास, पोटभर नाश्ता करून घ्या. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोलही पहाटेच वर येतं. गोळी त्या लयीत बसली की झोप कमी बिघडते आणि कॉर्टिसोल बनवणारी स्वतःची ग्रंथी कमी दबते. रात्री घेऊन "डोळ्याला डोळा लागत नाही" म्हणून झोपेची गोळी मागायला येणारे दर महिन्याला भेटतात. त्यांना मी आधी वेळ विचारतो.

अनशापोटी नको. चतुर्थी-एकादशीच्या दिवशीही नको. उपास मोडायचा नसेल तर निदान दूध-केळं, दही-राजगिरा असं काहीतरी पोटात घाला. साबुदाण्याच्या खिचडीवर भर दिलात तर दुपारची साखर काय करते ते पुढे सांगतो.

विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं, तर लगेच घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवसाचाच डोस घ्या, दुप्पट नाही. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर डॉक्टरांना फोन करा.

अ‍ॅसिडिटीची गोळी सगळ्यांनाच लागते असं नाही. वय जास्त असेल, आधी अल्सर झालेला असेल किंवा वेदनाशामक चालू असेल तर लागते. अँटासिडचं गुलाबी-पांढरं पातळ औषध घेत असाल तर त्यात आणि या गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा.

टप्पा ५ : चालू असताना काय मोजायचं

साखर मोजताना बहुतेक जण चुकीच्या वेळी बोट टोचतात. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर चढते ती दुपारी आणि संध्याकाळी. उपाशीपोटीची साखर छान नॉर्मल येते आणि माणूस निर्धास्त होतो. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा रात्रीच्या जेवणाआधी मोजा. आधीच मधुमेह असेल तर गोळ्या किंवा इन्शुलिन वाढवावं लागू शकतं. ते आधीच विचारून ठेवा आणि स्टेरॉइड कमी होताना इन्शुलिनही कमी करायचंय, हे विसरू नका. नाहीतर साखर धाडकन खाली येते.

रक्तदाब आणि वजन आठवड्यातून एकदा, वही करून. लोणचं, पापड, फरसाण, बाकरवडी हे महिनाभर ताटाबाहेर राहिलं तर पायावरची सूज बरीच आटोक्यात राहते. भूक खवळते, ते औषधामुळे. जिभेचे चोचले वाढले म्हणून घरच्यांनी टोमणे मारायची गरज नाही.

तीन महिने किंवा जास्त घ्यायची असेल तर हाडांचा विचार पहिल्या दिवसापासून करा. आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, बरोबर डी जीवनसत्त्व आणि डॉक्टरांनी सांगितलं तर हाडांच्या घनतेची तपासणी. नाचणी, तीळ, दूध-दही चालू ठेवा. तळजाई किंवा पर्वती चढायची सवय असेल तर ती सोडू नका, वजन पायावर पडणारा व्यायाम हाडांना हवाच. पण मांडी घालून बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येईना, जिना चढताना मांड्या गळाल्यासारख्या वाटल्या, तर ते "वय झालं" म्हणून सोडू नका. स्टेरॉइडने मांडी-खांद्याचे स्नायू दुबळे होतात. लांब कोर्सात डोळेही दाखवा: मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही येऊ शकतात.

*त्याच दिवशी दवाखाना गाठा :* काळं डांबरासारखं शौच, थंडी वाजून ताप, जोराची पोटदुखी, अचानक अंधुक दिसणं, खूप तहान आणि सारखी लघवी, जांघेत किंवा खुब्यात न थांबणारं दुखणं, झोप नाही, बडबड थांबत नाही, भलते भास. कांजिण्या किंवा गोवर झालेल्याच्या जवळ गेलात आणि तुम्हाला तो आजार पूर्वी झालेला नसेल, तरी अंगावर पुरळ यायची वाट न बघता लगेच कळवा. स्टेरॉइड ताप आणि दुखणं झाकून ठेवतं, म्हणून बारीक तापही लहान समजू नका.

टप्पा ६ : डोस उतरवणं

मूत्रपिंडाच्या डोक्यावर अधिवृक्क ग्रंथी असते. ती रोज साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं कॉर्टिसोल बनवते. बाहेरून आयतं मिळू लागलं की ती काम सोडते. पुरवठा एकदम तोडला तर ती लगेच जागी होत नाही. मग थकवा, मळमळ, चक्कर, सांधे दुखणं, रक्तदाब आणि साखर खाली जाणं, आणि वाईटात वाईट म्हणजे शुद्ध हरपणं.

सगळ्यांनाच हळूहळू उतरवावं लागतं असंही नाही. दम्याच्या झटक्याला पाच-सात दिवस घेतलेली गोळी बहुतेकदा सरळ थांबवता येते. उतरवणं लागतं ते यातलं एक जरी असेल तर: तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस घेतली, रोज ४० मिलिग्रॅमहून जास्त डोस आठवड्याहून जास्त दिवस घेतला, संध्याकाळचे डोस वारंवार घेतले, वर्षभरात पुन्हा पुन्हा छोटे कोर्स झाले. शेवटचा प्रकार लोक मोजतच नाहीत. पावसाळ्यात एक कोर्स, दिवाळीच्या धुराने एक, जानेवारीच्या थंडीत एक, आणि तिन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांकडून.

मोठ्या डोसवरून उतरताना पावलं मोठी असतात. १० च्या खाली ती लहान होतात आणि शेवटच्या ५ मिलिग्रॅमला महिने लागू शकतात. नेमकं इथेच, "आता अर्धीच तर गोळी राहिलीय" म्हणून लोक सोडून देतात. मोठा डोस उतरला म्हणजे काम झालं असं वाटतं, पण ग्रंथीचं काम त्या अर्ध्या गोळीच्या खाली सुरू व्हायचं असतं.

उतरवताना मूळ आजार परत डोकं काढतोय की ग्रंथी अजून झोपलीय, हे घरी ओळखू येत नाही. दोन्हीत सांधे दुखतात. त्रास वाढला तर स्वतःहून मागच्या डोसवर चढू नका आणि पुढच्याही पायरीवर उतरू नका. त्याच डोसवर राहून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. चक्कर येत असेल, उलट्या होत असतील तर फोनवर न थांबता थेट रुग्णालयात.

*तपासा :* स्ट्रिपमध्ये किमान आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक हव्यात. गणपतीत लक्ष्मी रस्त्याच्या बाजूचे रस्ते बंद असतात आणि गावी गेल्यावर तीच ताकद मिळेलच असं नाही. "गोळ्या संपल्या म्हणून थांबलो" हे कारण मी इतक्यांदा ऐकलंय की आता आधीच दटावतो.

टप्पा ७ : आजारपण आणि ऑपरेशन

ताप, अपघात, दाताची शस्त्रक्रिया अशा ताणात निरोगी शरीर कॉर्टिसोल वाढवतं. दबलेल्या ग्रंथीला ते जमत नाही. म्हणून लांब कोर्सवर असणाऱ्यांना तापाच्या दिवसांत साधारणपणे डोस दुप्पट करायला सांगतात. आधीच मोठा डोस चालू असेल तर वाढवावा लागत नाही. तुमचा आकडा किती, ते बरं असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. उलट्या-जुलाबात गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं. अशा वेळी घरगुती उपायांत रात्र काढू नका, १०८ ला फोन करा.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, आधार कार्डाला चिकटून:

"मी प्रेडनिसोलोन __ मिग्रॅ रोज, तारीख __ पासून घेत आहे. अचानक बंद करू नये. बेशुद्ध असल्यास किंवा सतत उलट्या होत असल्यास हायड्रोकॉर्टिझोन १०० मिग्रॅ इंजेक्शनची गरज लागू शकते. डॉक्टर: __ . घरचा फोन: __."

ऑपरेशन असेल तर सर्जनबरोबर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ही चिठ्ठी स्वतःच्या हाताने दाखवा.

टप्पा ८ : बंद झाल्यावर

शेवटच्या गोळीनंतरही ग्रंथी पूर्ण सावरायला वर्षभर लागू शकतं. त्यामुळे पाकिटातली चिठ्ठी लगेच फाडू नका. त्यावर "बंद: तारीख" एवढं जोडा आणि बारा महिने जवळ ठेवा. या काळात मोठं आजारपण किंवा ऑपरेशन आलं तर टप्पा ७ तसाच लागू.

उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकूंच्या गुडघ्यासाठी नाहीत. त्या घरात ठेवूच नका.

आता डॉक्टरांची मूळ चिठ्ठी घ्या, तिच्यावर पेनाने तिरकी रेघ मारा, "कोर्स पूर्ण" लिहून तारीख घाला आणि फाइलमध्ये लावा. पुढच्या खेपेला दमा उसळला की नव्या डॉक्टरांना वर्षातले कोर्स मोजता येतील. आणि तीच चिठ्ठी घेऊन कोणी माझ्या काउंटरवर आलं, तर मलाही काही बोलावं लागणार नाही. रेघेवर बोट ठेवलं की झालं.